मशीन मध्येच थांबते: सीएनसीसाठी स्वतः घडवलेला लिनक्स कर्नल

पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरातल्या औद्योगिक वसाहतीतला हा एक छोटा मशीन शॉप. फाउंड्रीतून येणाऱ्या पंप बॉडी आणि व्हॉल्वच्या झाकणांवर इथे मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग होते. शॉपमधल्या एका जुन्या उभ्या मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोलर काही वर्षांपूर्वी निकामी झाला. कंपनीचा नवा कंट्रोलर परवडणारा नव्हता, म्हणून मशीनवर लिनक्ससीएनसी, म्हणजे पीसीवरून मशीन चालवणारे मोफत सॉफ्टवेअर, बसवले. पीसी आणि मशीनच्या मधे मेसा कंपनीचे ७आय७६ई हे एफपीजीए कार्ड (पीसीचे आदेश मशीनपर्यंत नेणारे सर्किट) होते आणि ते पीसीला थेट एका इथरनेट केबलने जोडलेले होते. डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली आणि ५.१० मालिकेतला रिअल-टाइम कर्नल (काम ठरलेल्या वेळेत उरकणारा प्रणालीचा गाभा) या जोडीवर मशीन विनातक्रार चालत होते.

२०२४च्या अखेरीस जुना पीसी बंद पडला. त्याच्या जागी इंटेल एन१०० प्रोसेसरचा, पंखा नसलेला आणि इथरनेटचे दोन पोर्ट असलेला मिनी पीसी आला. त्यावर डेबियन १२, लिनक्ससीएनसी २.९ आणि डेबियनचाच ६.१ रिअल-टाइम कर्नल टाकला. मशीन सुरू झाले, होमिंग (अक्षांचा शून्य बिंदू ठरवणे) झाले, पहिले चार जॉब नीट निघाले. पाचव्या जॉबला फेसिंग चालू असताना मशीन थांबले. पडद्यावर ‘एरर फिनिशिंग रीड’ असा संदेश होता.

समस्या

हा संदेश म्हणजे काय, ते आधी पाहू. लिनक्ससीएनसीचा सर्व्हो थ्रेड दर १ मिलिसेकंदाला कार्डाकडून स्थिती वाचतो आणि नवे आदेश पाठवतो. वाचनाचे उत्तर ठरलेल्या मुदतीत आले नाही तर ते पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा गठ्ठा) हुकले असे धरले जाते. ही मुदत मुळात थ्रेडच्या कालावधीच्या ८० टक्के, म्हणजे इथे ८०० मायक्रोसेकंद असते. एक पॅकेट हुकल्याने मशीन थांबत नाही. चुकांच्या मोजणीत प्रत्येक हुकलेल्या पॅकेटमागे २ वाढतात, प्रत्येक यशस्वी पॅकेटमागे १ कमी होतो, आणि मोजणी १०वर गेली की ड्रायव्हर हात वर करतो. थोडक्यात, सलग पाच हुकली की काम थांबले. शिवाय कार्डावरचा वॉचडॉग ५ मिलिसेकंद आदेश आले नाहीत तर आउटपुट बंद करतो. मशीन विचित्र वागण्यापेक्षा थांबलेले बरे, म्हणून ही रचना योग्यच आहे. पण कटर कास्टिंगमध्ये असताना मशीन थांबले तर पृष्ठभागावर खूण उरते, पुन्हा होमिंग करावे लागते, आणि टॅपिंगच्या वेळी तसे झाले तर टॅप आतच तुटतो.

निदानाचे पहिले दोन दिवस वाया गेले. त्याची दोन कारणे होती.

पहिले कारण चुकीची चाचणी. लिनक्ससीएनसीची लेटन्सी टेस्ट आणि सायक्लिकटेस्ट दोन्ही तासन्‌तास चालवल्या, सोबत ग्राफिक्सचा आणि डिस्कचा भार दिला. सर्वांत वाईट विलंब ४० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला. त्यावरून ‘कर्नल ठीक आहे, केबल किंवा कार्ड बघा’ असा निष्कर्ष निघाला, आणि केबल दोनदा बदलली गेली. या चाचण्या टायमर वेळेवर जागा होतो का, एवढेच मोजतात. पॅकेट नेटवर्क चिपमधून निघून, कार्डाला भेटून, इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या ‘लक्ष द्या’ अशा इशाऱ्याच्या, वाटेने परत येईपर्यंतचा प्रवास त्यांच्या कक्षेत येतच नाही.

दुसरे कारण आकड्यांच्या वाचनातले. प्रत्यक्ष वाचनाला लागलेला सर्वाधिक वेळ लिनक्ससीएनसीच्या ‘रीड टीमॅक्स’ या पॅरामीटरमध्ये दिसतो, पण मायक्रोसेकंदांत नाही, प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत. तिथे ६,९०,०००च्या आसपासचा आकडा होता. एन१००चा टर्बो वेग ३.४ गिगाहर्ट्झ, म्हणून ३,४००ने भागले आणि सुमारे २०३ मायक्रोसेकंद आले. म्हणजे सगळे आलबेल! पण हे ठोके टर्बो वेगाचे नसतात, टीएससी या स्थिर घड्याळाचे असतात. बूटच्या नोंदीत या पीसीचे टीएससी ८०६.४ मेगाहर्ट्झ दिसत होते. त्याने भागल्यावर तोच आकडा ८५६ मायक्रोसेकंद झाला. मुदत ८००ची. घोडे कुठे अडले ते त्या भागाकारातच दिसले.

कर्नलला हात लावण्याआधीची दुरुस्ती

कर्नल बदलण्याचा विचार इथे आलाच होता, पण आधी फुकटातले उपाय करून पाहायचे ठरले. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

बायोसमध्ये सी-स्टेट, स्पीडस्टेप आणि टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वेग आणि वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयी, बंद केल्या. पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत बंद करायला बायोसमध्ये जागा नव्हती, म्हणून ‘पीसीआयई एएसपीएम ऑफ’ हा पर्याय बूटच्या ओळीत घातला. इथटूल या आदेशाने नेटवर्क पोर्टची दोन सेटिंग बदलली. एक, पॅकेट आले की चिपने इंटरप्ट साठवून न ठेवता लगेच द्यावा, म्हणून ‘आरएक्स-यूसेक्स’ शून्य. दोन, इथरनेटची वीजबचत, म्हणजे ईईई, बंद. दोन्ही ओळी नेटवर्क इंटरफेसच्या फाइलमध्ये टाकल्या, म्हणजे पोर्ट चालू झाला की आपोआप लागू होतील. इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर वाटत राहणारा आयआरक्यूबॅलन्स हा प्रोग्रॅम काढून टाकला. चारपैकी शेवटचे दोन कोअर ‘आयसोलसीपीयूज’ या बूटच्या पर्यायाने वेगळे ठेवले. लिनक्ससीएनसी शेवटचा वेगळा कोअर आपणहून पकडते. त्याच्या शेजारच्या कोअरवर नेटवर्क पोर्टचा इंटरप्ट बांधला.

बहुतेक शिफ्टमध्ये रीड टीमॅक्स ५०० मायक्रोसेकंदांच्या आसपास राहू लागला. एकेकटे पॅकेट हुकण्याचे प्रमाण खूप घटले, पण सलग पाच हुकण्याचा प्रकार दोन-तीन शिफ्टमध्ये एकदा तरी होतच राहिला. ऑपरेटरच्या दृष्टीने ही स्थिती आधीपेक्षा वाईट होती. दर तासाला थांबणाऱ्या मशीनपाशी माणूस उभा राहतो, तीन शिफ्टमध्ये एकदा थांबणाऱ्या मशीनपाशी तो गाफील असतो.

पर्याय

पहिला पर्याय मागे जाण्याचा: डेबियन ११ आणि ५.१० कर्नल. तो लगेच बाद झाला, कारण एन१००च्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर ५.१०मध्ये नाही. पडदा साध्या फ्रेमबफरवर चालला असता आणि टूलपाथचे चित्र काढण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडला असता.

दुसरा पर्याय नेटवर्क चिपच्या उत्पादकाचा स्वतंत्र ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नलबाहेरचे ड्रायव्हर घडवून जोडणारी सोय) बसवण्याचा. पण रिअल-टाइम कर्नलवर असा बाहेरचा ड्रायव्हर कसा वागेल याची हमी कोणी देत नाही, आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा घडवावा लागतो. ओझे कर्नल घडवण्याइतकेच, आणि फायद्याची खात्री त्याहून कमी.

तिसरा पर्याय सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप. इंटेलच्या जुन्या गिगाबिट पोर्टचे असे पीसी लिनक्ससीएनसीवाल्यांच्या पसंतीचे आहेत. पण नवा पीसी महिन्याभरापूर्वीच घेतलेला, आणि जुन्या पीसीने दगा दिल्याची आठवण ताजी. मालकांनी नकार दिला.

चौथा पर्याय नवा कर्नल. प्रीएम्प्ट-आरटी ही रिअल-टाइम सोय जवळपास वीस वर्षे मुख्य कर्नलबाहेरचा पॅच म्हणून वाढली, आणि ६.१२ मध्ये ती एक्स८६, एआरएम६४ आणि रिस्क-व्हीसाठी मुख्य कर्नलमध्येच चालू करता येऊ लागली. ६.१२ बाहेर पडला १७ नोव्हेंबर २०२४ला, आणि डिसेंबरमध्ये तो दीर्घकालीन देखभालीचा कर्नल ठरला. पण डेबियन १२च्या बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजे देणाऱ्या भांडारात) तो तेव्हा आलेला नव्हता. हवा असेल तर स्वतः घडवा किंवा थांबा, अशी स्थिती. थांबायला ऑर्डर तयार नव्हत्या.

६.१ आणि ६.१२च्या मधल्या कोणत्या बदलाने फरक पडतो ते गिट बायसेक्टने (बदलांची यादी दर वेळी निम्मी करत दोषी बदल गाठणे) शोधण्याचाही विषय निघाला. या दोन आवृत्त्यांच्या मधे दीड लाखाहून अधिक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत, म्हणजे सतरा-अठरा वेळा कर्नल घडवायचा आणि प्रत्येक वेळी बिघाड दिसण्याची दोन-तीन शिफ्ट वाट पाहायची. त्यातही मधल्या आवृत्त्यांना आरटी पॅच वेगळा लावावा लागतो. मुळाशी जाण्याची हौस महाग पडली असती, म्हणून ती सोडली.

चौथ्या पर्यायावर मालकांनी एकच प्रश्न विचारला: “साहेब, हे तुम्ही बसवून द्याल. पण सहा महिन्यांनी बिघडलं तर पोरांनी फोन कुणाला करायचा?” पुढची जवळजवळ सगळी रचना या प्रश्नाच्या उत्तरातून निघाली. तीन अटी ठरल्या. स्वतःचा कर्नल डेबियनच्या पॅकेजच्या रूपातच बसेल, म्हणजे एका आदेशाने काढता येईल. डेबियनचा ६.१ कर्नल मशीनवर कायम राहील आणि बूटच्या यादीतून निवडता येईल. आणि डेबियनकडून ६.१२ किंवा त्यापुढचा रिअल-टाइम कर्नल स्थिर आवृत्तीत आला की हा कर्नल निवृत्त होईल.

कृती: कर्नल घडवणे

मिनी पीसीवर कंपाईल करणे, म्हणजे सोर्स कोडपासून कर्नल तयार करणे, शक्य होते, पण मशीन त्याच पीसीवर चालत होते. म्हणून ऑफिसमधला आठ थ्रेडचा, १६ जीबी रॅमचा डेबियन १२ पीसी वापरला. जीसीसी या कंपायलरची आवृत्ती दोन्हीकडे तीच राहिली.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घेतला, ६.१२ मालिकेतली तेव्हाची ताजी स्थिर आवृत्ती. इथे सही तपासताना बरेच जण अडखळतात. सही दाबलेल्या एक्सझी फाइलची नसते, आतल्या टार फाइलची असते. आधी एक्सझी उलगडायचे, मग जीपीजीने टार तपासायचे.

लागणारी पॅकेजे: बिल्ड-एसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, आरसिंक, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वॉर्व्हज आणि डेबहेल्पर. शेवटचे विसरले तर कंपाईल सुरूच होत नाही, ‘अनमेट बिल्ड डिपेंडन्सीज’ म्हणून मेक हे बिल्डचे साधन थांबते. इतके लवकर थांबले तर उलट बरेच.

खरा निर्णय कॉन्फिग फाइलचा. कर्नलमध्ये हजारो पर्याय असतात आणि ते हाताने निवडत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. दोन वाटा होत्या. एक, मशीनवरच्या ६.१ रिअल-टाइम कर्नलची कॉन्फिग फाइल /बूट फोल्डरमधून उचलायची आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवायचे. जुने पर्याय तसेच राहतात आणि नव्या पर्यायांना मूळ उत्तर मिळते. दोन, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’: या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे तुकडे) तेवढी ठेवायची, बाकी सगळी गाळायची. कंपाईलचा वेळ यात कितीतरी कमी होतो, म्हणून पहिल्या फेरीला हीच वाट धरली.

लोकलमॉडकॉन्फिग ज्या पीसीवर चालवाल त्याचीच मॉड्यूल्स पाहते. म्हणून मिनी पीसीवर एलएसमॉड या आदेशाचे उत्तर, म्हणजे लोड असलेल्या मॉड्यूल्सची यादी, फाइलमध्ये साठवले, ती फाइल ऑफिसच्या पीसीवर आणली आणि एलएसमॉड या चलात तिचे नाव देऊन मेक चालवले. इथपर्यंत सगळे बरोबर. कर्नल वीस मिनिटांत तयार झाला, बूटही झाला. पण लिनक्ससीएनसी सुरू होईना. कार्डाशी बोलण्याआधी त्याचा इथरनेट ड्रायव्हर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) नियम घालतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमची पॅकेट त्या केबलवर जाणार नाहीत. यादी घेतली तेव्हा लिनक्ससीएनसी बंद होते, त्यामुळे नेटफिल्टरची, म्हणजे त्या फायरवॉलची, मॉड्यूल्स लोड नव्हती, आणि म्हणून ती नव्या कर्नलमध्ये आलीच नाहीत. ते लक्षात येईस्तोवर दुसरी गोष्ट उघड झाली: पेनड्राइव्ह दिसत नव्हता. यादी घेताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, त्यामुळे यूएसबी स्टोरेजचे मॉड्यूलही गळले होते. या शॉपमध्ये प्रत्येक जॉबचा जी-कोड (मशीनच्या हालचालींच्या आदेशांची फाइल) पेनड्राइव्हवरूनच येतो.

मॉड्यूल्सची यादी परत घेऊन हे दोन्ही सुटले असते. पण तिसरे काय गळले असेल ते कोणी सांगावे? उद्या कोणी एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावला, वेगळा हँडव्हील पेंडंट जोडला तर पुन्हा फोन. ज्या पीसीला रोज नवनवी उपकरणे जोडली जातात तिथे लोकलमॉडकॉन्फिग हे चाचणीपुरते साधन आहे, उत्पादनासाठी नाही. दुसऱ्या फेरीत डेबियनची पूर्ण कॉन्फिग फाइल घेतली. न वापरलेल्या मॉड्यूल्सनी डिस्कवर काहीशे एमबी जागा खाल्ली तरी ती रॅममध्ये येत नाहीत आणि विलंबावर त्यांचा परिणाम होत नाही.

पूर्ण कॉन्फिगमध्ये मोजून चार बदल केले. सोर्ससोबत येणाऱ्या ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ या स्क्रिप्टने ते करता येतात, मेनू उघडावा लागत नाही.

एक, ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ रिकामे केले. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये इथे डेबियनच्या प्रमाणपत्राच्या फाइलचे नाव असते. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते, आणि ‘नो रूल टू मेक टार्गेट’ असे म्हणून कंपाईल थांबते.

दोन, ‘डीबग इन्फो नन’ चालू केले. डीबग माहितीसह घडवला तर बिल्डचा फोल्डर वीस जीबीच्या वर सहज जातो आणि लिंक करताना रॅमवर ताण येतो.

तीन, ‘लोकलव्हर्जन’मध्ये ‘-सीएनसी१’ घातले, म्हणजे यादीत कोणता कर्नल आपला ते कळेल. प्रत्येक नव्या बिल्डला आकडा वाढवायचा. तेच नाव ठेवले तर नवीन पॅकेज जुन्यावरच बसते आणि परतीची वाट बंद होते.

चार, प्रीएम्प्ट-आरटी. मूळ कॉन्फिग रिअल-टाइम कर्नलची असल्याने तो आधीच चालू होता, तरी ओल्डडेफकॉन्फिगनंतर फाइल उघडून खात्री केली. ही खात्री टाळू नये. साध्या कर्नलची कॉन्फिग घेणाऱ्यांना मेनूत हा पर्यायच दिसत नाही असे होऊ शकते, कारण तो ‘एक्सपर्ट’ या पर्यायावर अवलंबून आहे. एक्सपर्ट बंद असेल तर ओल्डडेफकॉन्फिग प्रीएम्प्ट-आरटीची ओळ गुपचूप काढून टाकते. तक्रार नाही, इशारा नाही.

मग ‘मेक बिनडेब-पीकेजी’, आठ समांतर कामांसह. पूर्ण कॉन्फिगला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. डेब फाइली, म्हणजे तयार पॅकेजे, सोर्सच्या फोल्डरमध्ये नसतात, त्याच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये येतात. त्यांतली इमेज आणि हेडर्स ही दोनच मशीनवर न्यायची. सोबत तयार होणारे लिनक्स-लिबसी-डेव्ह बसवू नये, ते डेबियनच्या त्याच नावाच्या पॅकेजची जागा घेते आणि पुढच्या अपडेटला गोंधळ होतो. जे पॅकेज न करता थेट ‘मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल’ करतात त्यांनी ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ १ द्यावे. नाहीतर डीबग माहितीसकट मॉड्यूल्स इनिटआरडीत (बूटच्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) जातात आणि /बूटचे वेगळे छोटे पार्टिशन भरून जाते.

कृती: बसवणे आणि पहिला बूट

डेबियनच्या डीपीकेजी या आदेशाने इमेज बसवली की इनिटरॅमएफएस (वरची इनिटआरडीच) आणि ग्रब या बूटलोडरची कर्नलची यादी आपोआप तयार होते. अडचण याच आपोआपपणात आहे. ग्रब सर्वांत मोठी आवृत्ती वर ठेवते, आणि ६.१२ ही ६.१पेक्षा मोठी. म्हणजे काही न करता पीसी पुन्हा सुरू केला तर न तपासलेला कर्नल मूळ निवड बनतो. इथे उलट हवे होते. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ‘ग्रब डीफॉल्ट’ला ‘सेव्हड’ केले, ग्रब-सेट-डीफॉल्टने ६.१ कायम केला, आणि ग्रब-रीबूटने फक्त पुढच्या एका बूटसाठी ६.१२ निवडला. डेबियनमध्ये जुने-नवे कर्नल ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या आतल्या यादीत असतात, त्यामुळे नुसता क्रमांक चालत नाही. बाहेरच्या यादीतला आणि आतल्या यादीतला असे दोन्ही, मधे ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह घालून द्यावे लागतात. ६.१२च्या बूट ओळीत ‘पॅनिक=३०’ही घातले: कर्नल पॅनिक झालाच तर तीस सेकंदांनी पीसी आपणहून पुन्हा सुरू होईल आणि जुन्या कर्नलवर येईल.

पहिला बूट ग्रबमध्येच अडला. ‘बॅड शिम सिग्नेचर’. मिनी पीसीवर सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेला कर्नल चालू देणारी सोय) चालू होते आणि आपल्या कर्नलवर डेबियनची सही नाही. रीतसर उपाय म्हणजे स्वतःची की तयार करायची, मोकयूटिलने ती नोंदवायची, पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर संमती द्यायची आणि एसबीसाइनने कर्नलवर सही करायची. दुसरा उपाय बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करण्याचा. पीसी इंटरनेटला जोडलेला नाही, आणि प्रत्येक नव्या बिल्डला सही करायची म्हणजे चुकीला आणखी एक जागा. या दोन कारणांनी बंद करण्याचा निर्णय झाला. ऑफिसच्या नेटवर्कवर राहणाऱ्या पीसीसाठी तोच निर्णय समर्थनीय ठरला नसता.

दुसऱ्यांदा बूट झाला. यूनेम -व्हीच्या उत्तरात प्रीएम्प्ट-आरटी दिसले. मग तपासणी ठरलेल्या क्रमाने: पेनड्राइव्ह, हँडव्हील, इमर्जन्सी स्टॉप, होमिंग, आणि स्पिंडल बंद ठेवून टूल हवेत फिरवत नेहमीचा सर्वांत लांब प्रोग्रॅम सलग चालवणे. इमर्जन्सी स्टॉप हार्डवायर असला तरी तपासला. कर्नल बदलला की सुरक्षेची प्रत्येक कडी पुन्हा हाताने तपासायची, यात घासाघीस नाही.

परिणाम

सायक्लिकटेस्टचा सर्वाधिक विलंब ६.१ आणि ६.१२ दोन्हीवर जवळपास सारखाच राहिला. फरक पडला तो नेटवर्कच्या वाचनात. रीड टीमॅक्स ३०० मायक्रोसेकंदांच्या आत आला आणि पूर्ण दिवसाच्या कामानंतरही तिथेच राहिला. हवेतल्या दोन दिवसांच्या चाचणीनंतर खरे जॉब लावले. पुढच्या आठवड्यांत ‘एरर फिनिशिंग रीड’ पुन्हा आले नाही, तेव्हा ६.१२ला ग्रबची मूळ निवड केले. ६.१ यादीत तसाच ठेवला.

श्रेय सगळे कर्नलला द्यायचे का? तपासण्यासाठी ६.१२वर बायोस आणि इथटूलची सेटिंग मूळ स्थितीत आणून पाहिली. टीमॅक्स पुन्हा ७००च्या वर गेला. म्हणजे सेटिंगशिवायचा नवा कर्नल काठावर, आणि सेटिंगसह जुना कर्नलही काठावर. दोन्ही एकत्र आल्यावरच पुरेसे अंतर मिळाले.

देखभालीचे ओझे अपेक्षेइतकेच निघाले. स्वतःच्या कर्नलला एपीटीकडून (डेबियनची पॅकेजे अपडेट करणारे साधन) सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. ६.१२ मालिकेच्या नव्या स्थिर आवृत्त्यांवरून हा कर्नल दोनदा पुन्हा घडवला, ‘-सीएनसी२’ आणि ‘-सीएनसी३’. दोन्ही वेळा मागची कॉन्फिग फाइल तशीच वापरली, त्यामुळे प्रत्येकी अर्धा दिवस पुरला. डेब फाइली, कॉन्फिग फाइल आणि मराठीत लिहिलेले एक पान (‘मशीन सुरू होत नसेल तर ग्रबमध्ये दुसरी ओळ अशी निवडा’) हे सगळे एका पेनड्राइव्हवर घालून तो कंट्रोल पॅनेलच्या दारात अडकवला. मालकांच्या प्रश्नाचे उत्तर तेच पान होते.

९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ आला, ६.१२ कर्नल आणि त्याच्या रिअल-टाइम पॅकेजसह. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या एसएसडीवर डेबियन १३ नव्याने बसवले, जुनी एसएसडी काढून कपाटात ठेवली, आणि स्वतः घडवलेला कर्नल निवृत्त झाला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशीच रीड टीमॅक्स पाहायला हवा होता. इथरनेट कार्ड असलेल्या मशीनवर टायमरची चाचणी उत्तीर्ण झाली याचा अर्थ फार मर्यादित आहे. आणि ठोके मायक्रोसेकंदांत बदलताना टीएससीचा आकडा डीमेसेजमधून, म्हणजे बूटच्या नोंदीतून, घ्यायचा, प्रोसेसरच्या खोक्यावरचा नव्हे.

सेकंडहँड डेस्कटॉपचा पर्याय फार लवकर सोडला. तो मुख्य पीसी म्हणून घ्यायचा नव्हता. निदान चालू असताना मशीन चालते ठेवणारा राखीव पीसी म्हणून तो त्याच आठवड्यात पैसे वसूल करून गेला असता, आणि कर्नलचे काम ऑर्डरच्या दबावाखाली झाले नसते.

लोकलमॉडकॉन्फिगची फेरी वगळता आली असती. वीस मिनिटे आणि सव्वा तास यांतला फरक मोठा वाटतो, पण अपुऱ्या कर्नलवर गेलेला अर्धा दिवस त्यात धरला तर हिशेब उलटा होतो. पूर्ण कॉन्फिगचा कंपाईल रात्री लावून घरी जाता येते.

सेटिंगची नोंद कर्नलच्या नोंदीइतकीच काटेकोर ठेवायला हवी होती. डेबियन १३वर पहिल्याच दिवशी, तासाभरात ‘एरर फिनिशिंग रीड’ परत आले. नवा कर्नल बिघडला अशी शंका घेऊन ‘-सीएनसी४’ घडवायची तयारी सुरूही झाली होती. तेवढ्यात इथटूलने पोर्ट तपासला तर आरएक्स-यूसेक्स शून्य नव्हते: इथटूलच्या दोन्ही ओळी जुन्या एसएसडीवरच्या इंटरफेस फाइलमध्येच राहिल्या होत्या. पेनड्राइव्हवरच्या पानात त्यांचा उल्लेख नव्हता. ओळी नव्या फाइलमध्ये घातल्या, पोर्ट बंद-चालू केला, टीमॅक्स पुन्हा ३००च्या आत आला. आता त्या पानाच्या मागच्या बाजूला बायोसची तीन सेटिंग, बूटची ओळ आणि इथटूलच्या दोन ओळी लिहिलेल्या आहेत.